घाई न केलेला बेदाणा: आमारोनेच्या हंगामातल्या नोंदी

१६ सप्टेंबर, मारानोच्या वरच्या अंगाला

आमारोने म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची इटालियन रेड वाईन. ती कशी करतात ते शिकायला काल आले, आज मांडवाखाली. वेरोना शहराच्या उत्तरेला लेस्सीनी डोंगराच्या पायथ्याशी हाताच्या बोटांसारख्या दऱ्या उतरत येतात, ती वालपोलिचेल्ला. पश्चिमेला गार्दा तळं, त्यामुळे हवा डोंगराळ असूनही बोचरी नाही. जुना, मूळ पट्टा पाच गावांचा: नेग्रार, मारानो, फुमाने, सांत आंब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो. उतारावर दगडी ताली आहेत, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या. इथं त्यांना मारोन्ये म्हणतात.

वेली पेर्गोलावर. म्हणजे आपला मांडवच, फक्त थोडा कललेला. तासगावच्या पोरीला मांडवाखाली मान वाकडी करून उभं राहणं कोणी शिकवायला नको. मालकांनी कात्री दिली तेव्हा मला वाटलं, हे तर घरचंच काम. पहिल्या तासात माझे निम्मे घड त्यांनी बाजूला काढले.

कारण साधं होतं. आपल्याकडे भरलेला, गच्च, फुगवण चांगली असलेला घड बघितला की डोळे निवतात. इथं सुकवायला जो घड जातो तो विरळ लागतो, मण्यामण्यात हवा खेळेल असा. गच्च घड आतून कुजतो आणि ते कळेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. गच्च घड वाईट नव्हेत, त्यांची साधी ताजी वालपोलिचेल्ला वाईन होते. सुकवायला मात्र निवडक.

जाती तीन. कोर्विना ही मुख्य. काळसर निळी, जाड सालीची, म्हणूनच सुकवायला योग्य. कोर्विनोने मोठ्या मण्यांची. आधी लोक तिला कोर्विनाचीच थोरली बहीण समजत, नंतर कळलं की जातच वेगळी. रोंदिनेल्ला बिनतक्रार पीक देते, रोगाला सहजी बळी पडत नाही. मोलिनारा नावाची चौथी पूर्वी सक्तीची होती, आता ऐच्छिक आहे, आणि या मळ्यात तिच्या चारच ओळी उरल्यात. मालकांचे वडील त्या काढू देत नाहीत. ते ऐंशीच्या पुढचे. सगळे त्यांना नोन्नो म्हणतात, म्हणजे आजोबा, तर मीही तेच म्हणते.

१९ सप्टेंबर

पाठ गेली.

२० सप्टेंबर, फ्रुत्ताइओ

डिप्लोमाच्या प्रकल्पाचा विषय आज नक्की केला: द्राक्ष किती वेगानं सुकलं यानं चवीत काय फरक पडतो. मालकांना हा विषय जरा पोरकट वाटला. "हळू सुकवायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे," म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांना नेमकं उलटं माहीत आहे.

फ्रुत्ताइओ म्हणजे द्राक्षं सुकवायची माडी. डोंगराच्या कुशीत, वारा लागेल अशा जागी, चारी बाजूंनी खिडक्या. पूर्वी बोरूच्या ताट्यांवर घड पसरत, त्यांना अरेले म्हणतात. त्याच ताट्यांवर वसंतात रेशमाचे किडे पोसायचे. आता बहुतेक जागी उथळ प्लॅस्टिक क्रेट. क्रेटमध्ये घडांचा एकच थर, घडावर घड नाही. मी सवयीनं जरा दाबून भरला तर नोन्नोंनी मुकाट्यानं दोन घड उचलून माझ्या हातात ठेवले.

या पद्धतीला आप्पासिमेंतो म्हणतात. सहाव्या शतकात गॉथ राजांच्या दरबारातला मंत्री कासिओदोरुस यानं वेरोनाकडच्या सुकवलेल्या द्राक्षांच्या वाईनचं कौतुक एका पत्रात लिहून ठेवलंय. म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षं हेच चालू आहे: द्राक्ष काढा, थंडीपर्यंत ठेवा, मग चुरा.

दहा क्रेट माझ्यासाठी वेगळे केले. सगळ्या कोर्विना, एकाच ओळीतल्या. प्रत्येकी निव्वळ ६.२ किलो. रिफ्रॅक्टोमीटरवर साखर २०.५ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर. नऊ क्रेट इथल्या रीतीनं सुकणार. दहावा तासगावच्या रीतीनं.

२१ सप्टेंबर

दहाव्याची तयारी. ज्यांना बेदाण्याचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तोच पाणी आत धरून ठेवतो. आपण घड डिपिंगच्या पाण्यात बुडवतो: लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, दोन ते चार मिनिटं. मेणाचा थर विस्कटतो, पाण्याला वाट मिळते, आणि शेडमध्ये जाळीवर टाकलेलं द्राक्ष दोन-अडीच आठवड्यांत बेदाणा होतं. चार किलोला एक किलो. हे नसतं तर सांगली जिल्ह्याचा निम्मा बेदाणा दर अवकाळीत सडला असता.

डिपिंग ऑइल इथं कुठलं? पण पोटॅशियम कार्बोनेट वाईनरीत सापडलं. तेल म्हणून स्वयंपाकघरातलं ऑलिव्ह. भूमध्य समुद्राच्या काठी बेदाणा करणारे पूर्वी लाकडाच्या राखेचा क्षार आणि ऑलिव्हचं तेलच वापरत, तेव्हा हे काही अगदीच जुगाड नव्हे. बादलीत घुसळून पांढरट पाणी झालं, घड बुडवले, तीन मिनिटांनी वर काढले. सालीवरची ती निळसर भुकटी, जिला बोट लावलं की ठसा उठतो, ती गेली आणि मणी काळे चकचकीत झाले. घरचा वास आला. क्षाराचा, ओल्या देठांचा.

नोन्नो खिडकीत उभे राहून बघत होते. मान हलवली आणि निघून गेले. दहावा क्रेट कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब ठेवायचा हुकूम आलाय. यातलं काही वाईनमध्ये जाणार नाही, हेही ठरलं.

४ ऑक्टोबर

नऊ क्रेटांची सरासरी ५.६ किलो. दहावा ४.९.

घरी आण्णांना फोन केला. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, वाईनबद्दल ते एक शब्द विचारत नाहीत. सुकवण्याबद्दल मात्र खोदून खोदून.

"ऊन कितपत हाय तिथं?"

"उन्हात नाही ठेवत आण्णा. सावलीत, माडीवर. रात्री दहा अंशांवर येतं."

"आणि किती दीस?"

"शंभर. जास्तच."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "शंभर दीस एक माल शेडात? आगं, तेवढ्यात आपल्या सहा टाकण्या निघत्यात. जाळीचं भाडं कोण देतं त्यास्नी?"

प्रश्न हसण्यासारखा नाही. मालकांना विचारलं. ते म्हणाले, म्हणून तर बाटली महाग. मग हिशोब घातला. नियमाप्रमाणे आमारोनेसाठी शंभर किलो ताज्या द्राक्षांतून जास्तीत जास्त चाळीस लिटर वाईन काढता येते; साध्या वालपोलिचेल्लाला सत्तर. म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीत जवळजवळ दोन किलो द्राक्षं, त्यावर शंभर दिवसांची जागा, आणि रोज क्रेट हुंगत फिरणारी माणसं.

२३ ऑक्टोबर

दहावा क्रेट ४.०५ किलो. ३५ टक्के घट, ३३ दिवसांत. वाईनसाठी लागते तेवढी घट झाली, तेव्हा इथंच थांबवला. साखर ३०.६ ब्रिक्स. उरलेले नऊ अजून ५.१ वर.

मणी खाऊन बघितले, मी आणि तळघर सांभाळणाऱ्या काकांनी. (त्यांना काका मीच म्हणते, त्याचा अर्थ कळल्यापासून ते खूश आहेत.) गोड. नुसतं गोड, आणि पाठोपाठ झणकन आंबट, दाढा शिवशिवतील असं. दोन्ही चवी शेजारी शेजारी उभ्या, ओळख नसल्यासारख्या. ताज्या द्राक्षातलं पाणी काढून टाका, बाकी सगळं तसंच ठेवा, तर जे उरेल ते हे. बेदाणा म्हणून मी याला चांगले मार्क दिले असते. काका म्हणाले, "घाबरलेलं द्राक्ष आहे."

अर्धा किलो हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवलं, जानेवारीत समोरासमोर बघायला.

७ नोव्हेंबर

चूक माझी. लिहून ठेवते म्हणजे पुन्हा होणार नाही.

गेले सहा दिवस धुकं. खाली आदिजे नदीच्या सपाटीवर पांढरी चादर, आणि आता ती आमच्या खिडक्यांपर्यंत चढली. आर्द्रता वाढली की पंखे सुरू करायचे, खिडक्या लावायच्या. नियमानं पंखे चालतात, ओल शोषणारी यंत्रं चालतात, पण उष्णता देऊन सुकवायला बंदी आहे. ते सगळं वेळेवर झालं. पण उत्तरेच्या भिंतीला टेकून क्रेटांची जी चवड होती ती मी लावली होती, आणि भिंतीपासून हातभर जागा सोडायची असते ती मी सोडली नव्हती. तिथं पंख्याचा वारा पोचलाच नाही.

आज सकाळी चवडीच्या मागून व्हिनेगरसारखा वास आला. खालचे चार क्रेट उपसले. दोन प्रकारची बुरशी होती. एक राखाडी, ओली, मणी फुटून रस गळणारी, तिच्यावर चिलटं. ती सरळ फेकायची, आंबट कुजकी. दुसरी वेगळी: मणी तपकिरी-जांभळा, साल सुरकुतलेली पण न फुटलेली, बोटात धरला की साल मऊ कागदासारखी सरकते. हीसुद्धा बोट्रायटिसच, तीच बुरशी जी ओल्या हंगामात मळेच्या मळे खाते. कोरड्या, थंड हवेत, घट्ट सालीत ती हळू चालते, मण्यातलं पाणी आणखी ओढून घेते, ग्लिसरॉल वाढवते, त्यानं वाईनला तोंडात एक तेलकट गुळगुळीतपणा येतो. काही वाईनरी तिला थोडी मुभा देतात, काही अजिबात नाही. आमचे मालक "थोडी"वाले.

फरक दाखवायला नोन्नोंनी एकेक मणी माझ्या तळहातावर ठेवला. हा टाक. हा ठेव. हा टाक. डोळ्यांनी नव्हे, अंगठ्यानं ओळखतात. तासाभरात मला दहात सात ओळखता यायला लागले. एकंदर अकरा किलो फेकले. कोणी रागावलं नाही. त्यानं जास्त वाईट वाटलं.

नऊ क्रेट: ४.८.

१ डिसेंबर

४.४५. नियमाप्रमाणे आजच्या आधी आमारोनेची द्राक्षं चुरता येत नाहीत. काही वाईनरी लगेच सुरू करतील. आम्ही थांबतोय.

आज काम कमी, म्हणून नावाची गोष्ट. इथं आधी रेचोतो होती, सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाईन. बोलीभाषेत कानाला रेचा म्हणतात. घडाच्या वरच्या दोन बाजूंना कानांसारखे फाटे असतात, त्यांना ऊन जास्त लागतं, ते जास्त पिकतात, तेवढेच खुडून ही वाईन करायची. रेचोतो गोड राहते कारण फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टनं साखरेचं अल्कोहोल करणं, मध्येच थांबवतात. पण कधी कधी पिंप विसरलं जायचं आणि यीस्ट सगळी साखर खाऊन टाकायचं. मग गोड वाईनीऐवजी कोरडी, कडवट निघायची. बिघडलेला माल. १९३६ मध्ये इथल्या सहकारी वाईनरीत आदेलिनो लुक्केझे नावाच्या तळघरप्रमुखानं असं एक विसरलेलं पिंप चाखलं आणि म्हणाला, हे आमारो नाही, हे आमारोने आहे, असं सांगतात. आमारो म्हणजे कडू. आमारोने म्हणजे कडूबुवा, थोरला कडू.

१९६८ मध्ये वालपोलिचेल्लाला कायद्याची चौकट मिळाली आणि २०१० मध्ये आमारोनेला इटलीतला सर्वात वरचा दर्जा. विसरलेल्या पिंपाची चांगलीच भरभराट झाली.

१३ डिसेंबर

सांता लुचिया. वेरोनात मुलांना भेटी नाताळला नाही, आज मिळतात. मालकांच्या नातीनं मला संत्रं दिलं. क्रेट बघितले, सगळं ठीक.

९ जानेवारी

एकशे अकरावा दिवस. ४.०५ किलो. दहाव्या क्रेटइतकीच घट, ३५ टक्के. साखर २८.५ ब्रिक्स.

इथं थांबून आकडे बघितले. घट सारखी, मग साखरही सारखी यायला हवी होती. दहाव्यात ३०.६, यांत २८.५. दोन अंश साखर गेली कुठे?

उत्तर असं की द्राक्षांनीच ती खाल्ली. वेलीवरून तोडलं म्हणून मणी मरत नाही, त्याचा श्वास चालू असतो. थंडीत, अंधारात, साल शाबूत असेल तर तो आठवड्यांमागून आठवडे जगतो: साखर थोडी वापरतो, सफरचंदातलं असतं ते मॅलिक आम्ल पुष्कळ वापरतो, आणि पाणी कमी पडतंय हे कळल्यावर आपल्या बचावासाठी नवी द्रव्यं तयार करतो. रेस्व्हेराट्रॉल त्यांपैकी एक. वेरोना विद्यापीठात कोर्विनावर यासंबंधी बरंच काम झालंय. सुकताना मण्यातली कोणती जनुकं जागी होतात इथपर्यंत. म्हणजे या माडीवर नुसतं पाणी उडत नव्हतं. तीन महिने काहीतरी शिजत होतं. आमचं डिपिंग मणी झटपट सुकवतं आणि तेवढ्याच झटपट मारतं. बेदाण्याला तेच हवं असतं. त्याला पुढं काही व्हायचं नसतं.

फ्रीझरमधले मणी काढून समोरासमोर चाखले. दहावा तसाच, गोड आणि आंबट. आजचा मणी तोंडात टाकला तर आधी काही कळलंच नाही, मग वाळवलेली चेरी, मग काकवीसारखं काहीतरी गडद, आणि बी चावल्यावर बदामाच्या सालीचा कडसरपणा. आंबट होतं, पण मागं, टेकू दिल्यासारखं.

एका क्रेटवरून सिद्धांत मांडायचा नाही, हे मला कळतं. क्षाराचा अंश सालीवर राहिला असणार, फ्रीझरनंही काही केलं असेल. अहवालात हे सगळं लिहीन. पण चव तर लागली.

दुपारपासून चुरणं सुरू. देठ वेगळे करणाऱ्या यंत्रातून रस पडत नाही, लगदा पडतो. जाड, जांभळा, गुऱ्हाळातल्या शेवटच्या काहिलीसारखा संथ.

२१ जानेवारी

बारा दिवस झाले, टाकी आता कुठे अर्ध्यावर आलीय. साध्या रेड वाईनचं फर्मेंटेशन आठवड्यात उरकतं. इथं महिना, कधी दीड महिना. कारणं दोन. एक म्हणजे तळघरात गारठा. दुसरं म्हणजे यीस्टची कोंडी: सुरुवातीला साखर इतकी की ते गुदमरतं, शेवटी अल्कोहोल इतकं की ते मरायला टेकतं. जे यीस्ट टिकतं ते चिवट जातीचं.

दिवसातून दोनदा वरचा सालींचा थर खाली दाबायचा. लाकडी दांड्याच्या टोकाला गोल फळी. पहिल्या दिवशी फळी वीतभर आत गेली नाही. आता थर मऊ झालाय, दाबला की खालून ऊबदार वाफ येते, तिच्यात पिकलेल्या आलुबुखारचा आणि ताज्या भाकरीचा वास. तोंड फार जवळ नेऊ नये. कार्बन डायऑक्साइड आहे, काकांनी दोनदा मागं ओढलंय.

५ फेब्रुवारी, चव

फर्मेंटेशन संपत आलं. नवी वाईन अजून पिण्याजोगी नाही; विक्रीआधी निदान दोन वर्षं मुरायला लागतात, रिझर्वा या जास्त मुरवलेल्या प्रकाराला चार. म्हणून मालकांनी आज घरच्या जुन्या बाटल्या मांडल्या. चार ग्लास, चारही याच मळ्यातल्या, याच तीन जातींच्या. आमारोने कालच उघडून काचेच्या भांड्यात ओतून ठेवली होती.

पहिली, साधी वालपोलिचेल्ला, ताज्या द्राक्षांची. रंग इतका हलका की ग्लासामागचं वर्तमानपत्र वाचता येतं. आंबट चेरी, थोडी मिरी, घोट गेला की तोंड स्वच्छ. दुपारी जेवताना इथं हीच पितात. मला ही मनापासून आवडते, आणि आमारोनेच्या गाजावाजात हिला कोणी विचारत नाही याचं थोडं वाईट वाटतं.

दुसरी रिपास्सो, तिच्याबद्दल पुढं लिहीन. तिला आमारोनेची गरिबाघरची बहीण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे.

तिसरी आमारोने. आठ वर्षांची, १६.५ टक्के. ग्लास कलता केला की मधोमध डाळिंबाच्या रसाचा गडद रंग, कडेला विटकरी झाक. ती कड वयाची खूण. हलवून थांबवला की काचेवरून थेंब सावकाश ओघळतात, घाई नाही. नाक आत घातलं. पहिला वास मनुकांचा, तो ओळखीचा म्हणून मी सोडून दिला. त्याखाली वाळलेली चेरी, अंजीर, काकवी. थोडं थांबल्यावर तंबाखूच्या कोरड्या पानाचा, आणि अगदी शेवटी आमसुलाचा, आंबट-खारट-जुना. आमसूल मी म्हटलं तेव्हा त्यांना समजावताना पंचाईत झाली.

घोट घेतला. अंगानं जड, जिभेवर पसरते, घशात ऊब. मला वाटलं होतं गोड लागेल, कारण सगळे वास गोडाचे. गोड नाही. साखर जवळजवळ संपलेली आहे. गोडपणाचा भास त्या पिकलेल्या वासांचा आणि ग्लिसरॉलचा. मग तुरटपणा येतो, सुपारीसारखा ओरखडणारा नव्हे, मुरलेला, हिरड्यांना हात फिरवल्यासारखा. आणि सगळं ओसरल्यावर, जिभेच्या मागं, तो कडू. बदामाच्या सालीचा. ९ जानेवारीला बी चावल्यावर लागला होता तोच. घड्याळ लावलं नाही, पण नोन्नोंनी पाव कापून, चीज कापून, ताटली माझ्यापुढं सरकवली तरी तो होता.

चीज मोंते वेरोनेझे, इथल्याच डोंगरातलं. आमारोने आणि हे, बाकी काही नको. इथं आमारोने घालून भातही शिजवतात, वेरोनाच्या दक्षिणेला पिकणाऱ्या व्हियालोने नानो तांदळाचा. जांभळा भात ताटात बघून माझ्यातला मराठी माणूस जरा चरकला, पण खाल्ला.

चौथी रेचोतो, पांदोरोबरोबर. पांदोरो हा वेरोनाचाच नाताळचा उंच पिवळा केक, १८९४ मध्ये पेटंट घेतलेला. रेचोतो म्हणजे जी कडू व्हायची राहिली ती. सुंदर आहे, पण आमारोनेनंतर जरा बालिश वाटली. नोन्नोंना हे सांगितलं तर म्हणाले, त्यांच्या लहानपणी नेमकं उलट होतं: रेचोतो पाहुण्यांसाठी, आणि कडू झालेली घरच्यांना.

१८ फेब्रुवारी, रिपास्सो

आमारोने पिंपांत गेली, स्लाव्होनियन ओकच्या मोठ्या पिंपांत. टाकीच्या तळाला सालींचा चोथा उरला. आपण म्हणू खतात टाका. नाही. दाबून पिळलेला नसतो, त्यात वाईन असते, थोडी साखर, आणि अर्धमेलं यीस्ट. ऑक्टोबरात झालेली साधी वालपोलिचेल्ला आज पंपानं या चोथ्यावर ओतली. रिपास्सो म्हणजे पुन्हा त्यावरून फिरवलेली. नवी वाईन पडली की यीस्टला हुरूप येतो, दुसऱ्यांदा फसफसतं, आणि दोनेक आठवड्यांत वाईनला रंग, तुरटपणा आणि एखाद टक्का अल्कोहोल जास्त मिळतं. किती ओतायची याला मर्यादा: जितकी आमारोने निघाली तिच्या दुपटीहून जास्त रिपास्सो करता येत नाही. मासी या वाईनरीनं १९६४ च्या हंगामापासून या जुन्या पद्धतीची वाईन बाटलीत आणली आणि मग सगळ्यांनीच.

चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतल्यासारखं आहे, असं मी काकांना म्हटलं. त्यांना राग आला. बरोबरच आला; पाणी नाही, चहाच ओततात.

दोन तास नळी धरून उभी होते. पाचला पहिला बुडबुडा.

२४ फेब्रुवारी

अहवाल लिहून झाला. पुढच्या आठवड्यात निघते. नऊ क्रेटांपैकी मूठभर मणी मालकांनी बाजूला ठेवू दिले होते, ३०० ग्रॅम, कागदात बांधलेत. आण्णांसाठी. त्यांना वाईन चालत नाही, मणी चालेल.

रात्री फोन. तिकडं हंगाम सुरू झालाय, पहिली टाकण कालच पडली, सौद्याला दर बरे आहेत, आभाळ मात्र आल्यागेल्यासारखं करतंय. मी मध्येच विचारलं,

"आण्णा, एक जाळी माझ्यासाठी सोडाल? डिपिंग न करता. नुसते घड टाकायचे."

"न बुडवता? आणि किती दीस ठिवायचं?"

"लागतील तेवढे."

पंख्याचा आवाज.

"बरं. एक जाळी. सगळ्यात वरची दितो. पण सांगून ठिवतो, पाऊस आला तर प्लॅस्टिकचा कागद आधी खालच्यांवर पडंल."